शिवणीतली माया

दिवाळी जवळ आली की गावोगाव ज्या माणसाच्या दारी देवळापेक्षा अधिक खेटे घातले जातात, तो माणूस म्हणजे शिंपी. एरवी वर्षभर त्याची आठवण कुणाला होत नाही. पण नवरात्र बसले की त्याच्या दुकानातील कपड्यांचे गठ्ठे वाढू लागतात, आणि दसरा उलटला की 'उद्या या' या त्याच्या दोन शब्दांवर अख्ख्या गावाचा विश्वास उडतो. शेवटी नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री कपडे घरी येतात. मुले ते अंगात घालून आरशापुढे उभी राहतात. गळा पाहिला जातो, बाही पाहिली जाते, बटणे मोजली जातात. परंतु कपडा उलटा करून आतून पाहणारी व्यक्ती घरात एकच असते. ती म्हणजे आजी. शिवण दोन बोटांत धरून ती ताणून पाहते आणि विचारते, "माया किती ठेवलीय रे त्याने?"

शिवणकामात 'माया' म्हणजे टिपेच्या पलीकडे, आतल्या अंगाला राखून ठेवलेले जास्तीचे कापड. ते बाहेरून दिसत नाही आणि ज्या दिवशी कपडा घातला त्या दिवशी त्याचा काही उपयोगही नसतो. मूल वाढले, अंगाने भरले, की शिवण उसवून ती माया सोडायची आणि तोच सदरा आणखी एक वर्ष चालवायचा. पुढे तो धाकट्याच्या अंगावर जातो, तेव्हा पुन्हा तीच माया आत घेतली जाते. उद्याच्या वाढीसाठी आज राखून ठेवलेल्या चार बोटे कापडाला माया हे नाव ज्या कुणी दिले, त्याला शिवणही कळत होती आणि संसारही.

ही माया जेथे संपते तेथे कापडाची कापलेली कड असते, आणि सगळी धास्ती या कडेचीच. सुतावरून स्वर्ग गाठता येतो की नाही हे जाणते लोक सांगोत. परंतु सुटलेल्या एका सुतावरून सबंध सदरा उसवत जातो, हे प्रत्येक गृहिणीने पाहिलेले आहे. ही कड आवरायची कशी, हा शिवणकामातला सर्वांत जुना प्रश्न आहे. त्याचे सर्वांत नवे उत्तर म्हणजे ओव्हरलॉकचे यंत्र. बाजारपेठेत त्याला कुणी इंटरलॉकही म्हणतात. कपडा उलटा केला की कडेवरून दोऱ्यांची जी दाट जाळीदार साखळी धावलेली दिसते ती त्याची करणी. या कडेची कथा मोठी आहे, आणि तिचा एक धागा आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या नर्सी गावापासून निघतो.

पण त्याआधी थोडे मागे गेले पाहिजे. आपल्या पूर्वजांच्या अंगावर शिवलेले कापड थोडे आणि विणलेले फार. लुगडे, धोतर, उपरणे, पागोटे, घोंगडी ही सारी वस्त्रे मागावरून उतरली की तशीच अंगावर चढत. विणकराचा आडवा धागा प्रत्येक फेरीला कडेपाशी येऊन मागे वळतो, त्यामुळे कापडाच्या दोन्ही लांब बाजूंना आपोआप पक्का काठ तयार होतो. तो उसवत नाही. उरली दोन टोके. तेथल्या सुट्या दशा पीळ देऊन गाठवल्या की काम झाले. नऊवारी लुगड्याला सुई लावण्याचा प्रसंग आला तर तो ते फाटल्यावरच.

याचा अर्थ आपल्याकडे शिवण नव्हती असा नव्हे. अजिंठ्याच्या भिंतींवर दीड हजार वर्षांपूर्वी रंगविलेल्या काही आकृतींच्या अंगात बेतून शिवलेले कपडे स्पष्ट दिसतात. अमरकोशात शिंप्यासाठी 'तुन्नवाय' आणि 'सौचिक' असे दोन शब्द आहेत. यातला सौचिक म्हणजे सूची, अर्थात सुई, चालवणारा. परंतु खेड्यातल्या रोजच्या व्यवहारात त्याचे स्थान कोणते होते, हे गावगाड्याच्या रचनेवरून ध्यानात येते. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गाव-गाडा' हे पुस्तक लिहून ही सारी व्यवस्था नोंदवून ठेवली. सुतार, लोहार, कुंभार, चांभार हे बलुतेदार. त्यांच्यावाचून शेत अडते. शिंपी मात्र अलुतेदारांत मोडतो. त्याच्यावाचून शेत अडत नसे. ज्याचे सारे वस्त्र मागावरच पुरे होते, त्या कुणब्याला शिंपी लागे तो लग्नकार्याला, अंगरख्याला, बाराबंदीला. बाईची चोळीसुद्धा बहुधा घरीच होई. खणाच्या घड्या अशा घालायच्या की कातर कमीत कमी चालावी, खणाचा विणलेला काठ नेमका बाहीवर यावा, आणि चिंधीही वाया जाऊ नये. कापडाची कड शक्य तितकी कापायचीच नाही, हा तिचा पहिला नियम होता.

तरीही कातर चालवणारा माणूस होताच, आणि त्याच्या घरात महाराष्ट्राचे एक थोर संत जन्मले. कयाधू नदीच्या काठचे नर्सी हे संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने मानले जाते. जन्म १२७० सालचा. वडील दामाशेटी, आई गोणाई, पत्नी राजाई. आणि जनाबाई त्याच घरची दासी. धंदा शिंप्याचा. हे गाव पूर्वी परभणी जिल्ह्यात होते. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून ते हिंगोलीचे. आषाढीला पंढरपूर झाल्यावर वद्य एकादशीला वारकऱ्यांची परतवारी येथे भरते आणि कयाधूचा काठ माणसांनी फुलून जातो.

नामदेवांनी आपला धंदा कधी लपवला नाही. वारकरी संतांची रीतच तशी होती. सावत्याने मळ्यात देव पाहिला, गोरोबाने चिखलात, नरहरीने सोन्याच्या मुशीत. नामदेव उत्तरेत गेले तेव्हा तिकडे लोकांनी त्यांना छीपा म्हटले. छीपा म्हणजे कापडावर छाप उठवणारा, रंगवणारा. त्यांची पदे पंजाबात रुजली. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. त्यातल्या एका पदात त्यांनी आपली सारी हत्यारे देवापुढे मांडली आहेत. मन हा गज केला आहे, जिभेची कातर केली आहे आणि त्या कातरीने काळाचा फास कापायला घेतला आहे. पुढे सोन्याची सुई आणि रुप्याचा धागा येतो, आणि त्या धाग्याने नामदेवाचे चित्त हरीशी जोडले जाते. रंगवणे आणि शिवणे ही दोन्ही कामे त्या पदात आहेत. कापणे आणि जोडणे या शिंप्याच्या दोन क्रिया ज्याने रोज केल्या आहेत, त्यालाच हे सुचावे. पंजाबातले घुमान हे गाव त्यांच्या वास्तव्याने पावन मानतात. २०१५ च्या एप्रिलमध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ८८ वे अधिवेशन तेथे भरले. अध्यक्ष होते सदानंद मोरे. कयाधूकाठच्या शिंप्याचा धागा इतका लांब पोचला.

गज, कातर, सुई, दोरा आणि बोटात अंगुस्तान, एवढ्या सामानावर शिंपी शेकडो वर्षे जगला. कापलेली कड आवरण्याचे त्याचे उपायही मोजकेच होते. कड दोनदा दुमडून आत घ्यायची आणि दिसेल न दिसेल अशा बारीक टाक्यांनी तुरपाई करायची, हा पहिला. दुसऱ्या कापडाची तिरपी पट्टी कडेवर चढवून गोट लावायचा, हा दुसरा. आणि जेथे जाडी नको तेथे काजाला घालतात तसा टाका कडेवरून दाट घालत जायचे, हा तिसरा. या तिसऱ्या प्रकारात दोरा कडेला वळसा घालून आपल्याच फासात अडकतो आणि कडेवर दोऱ्याची एक कंगोरेदार रांग उभी राहते. कळमनुरी-सेनगावकडच्या तांड्यांवर बंजारा स्त्रियांचे जुने काम कुणी पाहिले असेल, तर कवड्या आणि आरशांच्या भोवतीच्या कडा दोऱ्याने कशा गच्च भरून काढतात हे त्यांच्या लक्षात असेल. तेथे कड पक्की करणे आणि कड सजवणे ही दोन कामे वेगळी राहत नाहीत. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण यंत्राला पुढे नेमके हेच साधायचे होते.

नामदेवांनंतर पावणेपाचशे-पाचशे वर्षे सुई माणसाच्या बोटातच राहिली. तिला तेथून काढण्याचे धाडस फ्रान्समधल्या एका गरीब शिंप्याने केले. त्याचे नाव बार्तेलेमी तिमोनिये. १८३० साली त्याने साखळी टाका घालणाऱ्या लाकडी यंत्राचे पेटंट मिळवले. पॅरिसमध्ये अशी ऐंशी यंत्रे मांडून त्यावर सैनिकांचे गणवेश शिवण्याचा कारखाना निघाला. आपली भाकरी जाणार म्हणून शहरातले शिंपी चवताळले. १८३१ साली जमाव कारखान्यात घुसला आणि यंत्रांचा चुराडा केला. तिमोनिये १८५७ साली दारिद्र्यातच मेला. शिंप्याने केलेले यंत्र शिंप्यांनीच मोडावे, या प्रकाराला हसणे सोपे आहे. परंतु ज्याच्या हातात सुईखेरीज दुसरे काही नाही, त्याच्या भीतीला हसू नये.

पुढे अमेरिकेत एलायस हाऊ याने १८४६ साली दोन दोऱ्यांच्या पक्क्या टिपेचे यंत्र नोंदवले. सुईचे नेढे डोक्याकडून काढून त्याने टोकाशी आणले. एवढ्याशा फरकात सारी किमया होती, कारण आता सगळी सुई कापडाच्या आरपार जाण्याची गरज उरली नाही. टोक आत शिरते, दोऱ्याचा फास खाली सोडते आणि माघारी येते. हे यंत्र मिनिटाला अडीचशे टाके घालत असे. १८५१ साली आयझॅक सिंगर याने उभ्या सुईचे यंत्र आणले आणि त्याच्या कंपनीने ते हप्त्याने विकायला काढले. १८७० च्या दशकात सिंगरची यंत्रे हिंदुस्थानात येऊ लागली. नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी येथला व्यापार वाढवला. शहरातून तालुक्याला आणि तालुक्यातून आठवड्याच्या बाजाराला ते यंत्र पोचले. १९३० च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने 'उषा' यंत्र काढले आणि शिवणयंत्र स्वदेशी झाले.

या यंत्राला ज्याची साक्ष मिळाली तो माणूसही साधासुधा नव्हता. यंत्रांचे विरोधक म्हणून ज्यांची ख्याती, त्या गांधीजींना १९२४ साली एका विद्यार्थ्याने विचारले, की आपला सर्वच यंत्रांना विरोध आहे काय? गांधीजींनी सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला. बायकोला हाताने टाके घालीत बसावे लागते, हे सिंगरला पाहवेना, म्हणून त्याने प्रेमापोटी हे यंत्र केले, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या मते यंत्रामागे लोभ आहे की माणसाच्या कष्टांची कणव, यावर त्याचा बरेवाईटपणा ठरतो. मग असली यंत्रे बनवणारे कारखाने लागतीलच की, असे त्या विद्यार्थ्याने पुढे म्हटले. तेव्हा ते कारखाने सरकारच्या ताब्यात असावेत, असे उत्तर त्यांनी दिले. हा कणवेचा मुद्दा आपल्या कडेच्या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

कारण गंमत अशी की, इतके सारे होऊनही कडेचा प्रश्न सुटला नव्हता. साधे शिवणयंत्र सरळ टीप मारते. तिच्या पलीकडची कड जशीच्या तशी राहते. म्हणून दुकानात शिंपी टीप मारून मोकळा होई, आणि कपडे तुरपाईला घरातल्या बायकांकडे जात. गळा, घेर, बाहीचे तोंड, परकराची दुमड, हे सारे हातशिलाईचे काम. दिवसाचे घरकाम आटोपल्यावर, दिव्याच्या उजेडात, डोळे बारीक करून ते होई. त्याचे पैसे शिलाईच्या हिशेबात वेगळे कधी दिसत नसत.

ते काम उचलणारे यंत्र अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात निघाले. तेथे मेरो नावाच्या घराण्याची विणमालाची गिरणी होती. मोजे-बनियनसारखा सुईवर विणलेला माल कापला की त्याची कड भराभर सुटत जाते. तिला दुमडावे तर जाडी येते, नुसती टीप मारावी तर ताणल्यावर दोरा तुटतो. जोसेफ मेरो यांनी खटपट करून कडेला वळसा घालणारे यंत्र सिद्ध केले आणि १८८९ साली त्याचे पेटंट मिळाले. ओव्हरलॉकचा हा आरंभ समजतात.

त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. साध्या यंत्रात वर सुई आणि खाली बॉबिन. येथे बॉबिनच नाही. सुईखेरीज दोन वाकडे हात असतात, त्यांना लूपर म्हणतात. एक कापडाच्या खालून येतो, दुसरा कडेला वळसा घालून वर चढतो. प्रत्येकाच्या टोकाला नेढे असून त्यात वेगळा दोरा ओवलेला असतो. लूपर कापडाला भोक पाडीत नाहीत. ते एकमेकांच्या फासातून आणि सुईच्या फासातून आपला दोरा ओढून नेतात. हातांनी घातलेल्या काज टाक्याचीच ही यांत्रिक आवृत्ती आहे. तीन दोऱ्यांचे यंत्र कड बांधते. चार दोऱ्यांचे, दोन सुया असलेले यंत्र कड बांधता बांधता शिवणही जोडते. कारखान्यातली यंत्रे मिनिटाला पाच-सहा हजार टाके घालतात. हाऊच्या यंत्राचा अडीचशेचा आकडा आठवला म्हणजे हा पल्ला ध्यानात येईल. १९६० च्या दशकात जपानी कारागिरांनी घरगुती वापराची छोटी ओव्हरलॉक यंत्रे काढली, आणि आपल्याकडे लुधियाना हे शिवणयंत्रांचे मोठे माहेर झाले. आज तालुक्याच्या बाजारपेठेत टेबलावर बसवलेले, पायाने किंवा छोट्या मोटारीवर चालणारे ओव्हरलॉक सहज दिसते.

या यंत्रात आणखी एक अवयव आहे आणि सारा वाद त्याच्याशी आहे. सुईच्या पुढे, अगदी तोंडाशी, दोन पाती बसवलेली असतात. एक स्थिर, एक खाली-वर होणारे. कापड सुईखाली जाण्याआधी ही पाती त्याची कड छाटून टाकतात, म्हणजे टाक्याला ताजी, सरळ कड मिळते. आधी कापायचे आणि लगेच बांधायचे, ही शिंप्याची दोन कामे यंत्र एकाच दमात करते. पण जे छाटले जाते ते काय? ती आजीची माया.

तयार कपड्यांच्या कारखान्यात कापडाच्या बोटभर रुंदीचाही हिशेब असतो. हजारो सदऱ्यांना प्रत्येकी दोन बोटे माया ठेवायची म्हणजे कापडाचे तागे जातात. म्हणून पुढचा आणि मागचा भाग एकत्र धरून ओव्हरलॉकखाली घातला जातो. शिवण पडते, कड बांधली जाते आणि अर्ध्या बोटापलीकडचे सारे छाटून जाते. बनियन किंवा टी-शर्टसारख्या ताणल्या जाणाऱ्या कपड्याला हीच रीत योग्य आहे, कारण ती शिवण अंगाबरोबर सैल होते आणि पुन्हा आवळते. परंतु मुलीच्या परकराला, मुलाच्या विजारीला किंवा सुनेच्या ब्लाउजला ती लावली, की तो कपडा त्या दिवसाच्या मापापुरताच उरतो. मूल वाढले की तो टाकायचा. उसवून सोडायला आत काही शिल्लकच नसते.

यंत्राला येथे दोष देणे मात्र चुकीचे होईल. जाणता शिंपी तेच यंत्र निराळ्या रीतीने वापरतो. तो आधी प्रत्येक तुकड्याची कड वेगवेगळी ओव्हरलॉक करून घेतो. पाते बाजूला सारता येत असेल तर सारतो. नसेल तर कापड इतक्या बेताने धरतो की पात्याखाली सुटी सुतेच तेवढी जावीत. मग साध्या यंत्रावर, कडेपासून पुरती माया सोडून टीप मारतो, आणि आतली शिवण इस्त्रीने उघडून बसवतो. विजारीच्या मागच्या शिवणीत तर तो चांगली दोन-तीन बोटे ठेवतो. असा कपडा आतून पाहिला की दोन्ही बाजूंना ओव्हरलॉकची रांग दिसते आणि मध्ये भरपूर कापड. यंत्राने कड पक्की केली, पण माया खाल्ली नाही. यात जास्त वेळ जातो आणि त्यासाठी चार पैसे अधिक द्यावे लागतात. शिंप्याशी घासाघीस करताना आपण नेमकी हीच चार बोटे कमी करीत असतो, हे आपल्या ध्यानात येत नाही.

या यंत्रामुळे हाताचे काम गेले आणि नवे कामही आले. ज्या १८८९ साली मेरोंना पेटंट मिळाले, त्याच साली पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढून विधवांना शिक्षणाचे दार उघडले. पुढे १९०९ साली रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन उभे केले. तेथे शिवणाचे वर्ग चालत. स्वतःच्या पायावर उभ्या राहू पाहणाऱ्या बाईच्या हाती शिवणयंत्र द्यावे, ही रीत महाराष्ट्रात तेव्हापासून मुरली. मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी तो मोकळा झाला, १९५६ साली मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्राचा भाग झाला. येथे शिवणवर्ग उशिरा आले, पण आले ते टिकले.

त्यात साडीने मोठा हातभार लावला. नऊवारी मागे पडून गोल साडी आली, आणि तिच्याबरोबर गिरणीचे व कृत्रिम धाग्याचे झिरझिरीत कापड आले. साडीच्या लांब कडा आजही मागावरच पक्क्या होतात. पण पदराचे टोक आणि आतले टोक कापलेलेच असते, आणि ब्लाउजपीस फाडून घेतला की आणखी एक कड उघडी पडते. नायलॉन-जॉर्जेटच्या निसरड्या दशांना पीळ बसत नाही. तेथे आली पिको. हा शब्द मूळचा फ्रेंच. कडेवरच्या बारीक टोकांच्या नक्षीला तो लावीत. आपल्या बाजारात मात्र कड बारीक वळवून तिच्यावर दाट नागमोडी टाका घालणे म्हणजे पिको. ओव्हरलॉकवरही असे काम होते. टाक्याला आधार देणारी बारीक जीभ काढायची आणि खालच्या लूपरचा दोरा घट्ट करायचा, की कड आपोआप आत वळून दोऱ्यात गुंडाळली जाते. फॉल मात्र अजून पुष्कळ ठिकाणी हातानेच लावतात, कारण यंत्राच्या टिपेने साडीचा काठ आकसतो. म्हणून 'फॉल-पिको करून मिळेल' ही पाटी ज्या घरावर दिसते, त्या घरात बहुधा एक यंत्र असते आणि एक हातसुईही. पाटीमागे बहुतेक एखादी बाईच असते. मुलांना शाळेत धाडून, स्वयंपाक आवरून ती यंत्रावर बसते. जुन्या तुरपाईचे पैसे हिशेबात दिसत नसत. पिकोचा दर दारावर लिहिलेला असतो. गांधीजींची कणवेची कसोटी लावायची झाली, तर ती या यंत्राला येथे उतरते.

कड पक्की झाल्यावर माणसाचे मन सजावटीकडे वळते. ज्या घरी असे यंत्र असेल त्यांनी या दिवाळीला थोडे प्रयोग करून पाहावेत. लूपरच्या नेढ्यातून जाड दोराही जातो, कारण त्याला कापड भेदायचे नसते. म्हणून सुईत साधा दोरा आणि वरच्या लूपरमध्ये जाड रेशमी किंवा जरीसारखा दोरा ओवला, की कडेवर गोट लावल्यासारखी उठावदार रांग येते. ओढणीला किंवा मुलीच्या झग्याच्या झालरीला ती फार शोभते. होजिअरीचे कापड टाका घालताना किंचित ताणून धरले की कड कोथिंबिरीच्या पानासारखी लहरत जाते. दोन तुकडे सैल टाक्यांनी जोडून नंतर दोन्हीकडे ओढले, की शिवण सपाट उघडते. एका बाजूस दोऱ्याची वेणी आणि दुसऱ्या बाजूस शिडीच्या पायऱ्या दिसतात. आधी चिंधीवर टाका पाहून घ्यावा, दोऱ्यांचे ताण जुळवावेत, मगच कापडाला हात घालावा. टाचण्या पात्याखाली जाऊ देऊ नयेत. पाते तुटते आणि तुकडा डोळ्यात उडू शकतो. या यंत्राने एकदा छाटलेले कापड परत येत नाही, हे तर सदैव ध्यानात असावे. आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठे लावणार, तशातलीच ती गत.

आणि एक शेवटचे काम यंत्राला जमत नाही. शिवण संपली की टोकाला दोऱ्यांची वीतभर शेपटी लोंबत राहते. तेथे गाठ मारली तर ती टोचते, तशीच कापली तर सारी रांग सुटू लागते. तेव्हा मोठ्या नेढ्याची हातसुई घ्यायची, ती शेपटी तिच्यात ओवायची आणि घातलेल्या टाक्यांच्या पोटातून बोटभर मागे नेऊन मग कापायची. मिनिटाला हजारो टाके घालणारे यंत्रही शेवटच्या टाक्याला नर्सीच्या शिंप्याच्या सुईपाशी येते.

यंदा कापड शिंप्याकडे टाकाल तेव्हा रंगाबरोबर, गळ्याबरोबर एवढे त्याला जरूर सांगा, की कड ओव्हरलॉक करा, पण माया राखा. त्याचे जे काही जास्तीचे पैसे होतील ते कुरकुर न करता द्या. पुढच्या दिवाळीला मुलगा चार बोटे उंच झालेला असेल, आणि आजीला शिवण उसवून सोडायला आत काहीतरी मिळेल.